नटलेली अक्षरे, मुका मजकूर

मराठी आणि संगणक या विषयावरच्या एका चर्चासत्रात आम्ही अलीकडे श्रोते म्हणून बसलो होतो. वक्ते आमच्यासारखेच मराठीचे प्राध्यापक होते. त्यांचे बोलणे तळमळीचे होते आणि टाळ्याही भरपूर मिळत होत्या. त्यांच्या मांडणीचा सारांश असा: युनिकोडने इंग्रजीला ठळक, तिरके, वळणदार, गॉथिक, दुहेरी रेघांचे असे अक्षरांचे तेरा थाट बहाल केले. मोबाइलवर कोणीही आपले नाव त्यांपैकी हव्या त्या थाटात लिहितो आणि जगातल्या कोणत्याही यंत्रावर ते जवळपास तसेच दिसते. देवनागरीची मात्र एकच साधे रूप देऊन बोळवण केली गेली. हा मराठीवरचा अन्याय आहे, तेव्हा देवनागरीलाही अशा ‘स्टायलिश’ अक्षरांचा स्वतंत्र संच मिळाला पाहिजे. सत्राच्या अखेरीस या मागणीचा ठराव मांडला गेला आणि सभागृहाने हात वर करून तो संमत केला.

आम्ही हात वर केला नाही. चहाच्या वेळी त्याबद्दल दोन शब्द ऐकूनही घेतले. ‘तुम्हाला मराठीचे काही वाटत नाही’ हा त्यातला सौम्य शब्द. तेथे उभ्या उभ्या उत्तर देणे शक्य नव्हते. ते येथे सविस्तर देत आहोत. आमचे म्हणणे एवढेच आहे की ही मागणी अनावश्यक तर आहेच, पण ती ज्या गैरसमजातून निघाली आहे त्याच गैरसमजाने मराठी मजकुराचे गेल्या तीन दशकांत न भरून येणारे नुकसान केले आहे. त्या नुकसानीत आम्हा मराठीच्या अध्यापकांचा वाटा मोठा आहे, आणि हे लिहिताना आम्ही स्वतःला वगळत नाही.

प्रथम त्या तेरा थाटांचा हिशेब पाहू. ही अक्षरे युनिकोडमध्ये २००१ साली, ३.१ या आवृत्तीत आली. त्यांच्या विभागाचे नावच गणिती अक्षरचिन्हे असे आहे. गणितात अक्षराचे रूप हा अर्थाचा भाग असतो. एकाच सूत्रात साधा ‘एच’ एक राशी दाखवतो आणि वळणदार ‘एच’ अगदी वेगळी राशी दाखवतो. रूप पुसले तर सूत्रच बदलते. म्हणून गणितज्ञांच्या गरजेपोटी या रूपांना स्वतंत्र संकेतांक दिले गेले. इंग्रजी गद्य सजवावे, नाव नटवावे, हा त्यांचा हेतू कधीच नव्हता. पुढे कोणाच्या तरी लक्षात आले की या गणिती चिन्हांची माळ केली तर ती लांबून इंग्रजी शब्दासारखी दिसते. मग तशी माळ करून देणारी साधने निघाली आणि ‘स्टायलिश टेक्स्ट’ नावाचा छंद जन्माला आला. म्हणजे वक्त्यांना जो इंग्रजीचा मान वाटला, तो वास्तविक गणिताच्या सामानाचा गैरवापर आहे.

या गैरवापराची किंमत काय पडते, ते आमच्या विभागातच दिसले. भित्तिपत्रकासाठी विद्यार्थ्यांकडून आम्ही ऑनलाइन नावे मागवली होती. एका विद्यार्थिनीने आपले नाव अशाच नटलेल्या रोमन अक्षरांत भरले. यादीत ते डोळ्यांना दिसत होते. शोधखिडकीत नाव टाकले की सापडत नव्हते. तिचा लेख वगळला गेला आणि ती रडवेली होऊन आली तेव्हा उलगडा झाला. संगणकाच्या लेखी तिने नाव लिहिलेच नव्हते. गणिताची काही चिन्हे एकापुढे एक ठेवली होती. डोळ्यांना साम्य दिसते आणि यंत्राला ओळख पटत नाही, हा या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे.

भाषाविज्ञानाच्या तासाला आपण सारेच स्वनिम आणि स्वनांतर यांतला भेद शिकवतो. उच्चार बोलणाऱ्यागणिक आणि परिसरागणिक बदलतो. पण भाषेच्या व्यवस्थेत भेदक ठरतो तो स्वनिम. प्रत्येक उच्चारछटेला वेगळा स्वनिम मानू लागलो तर भाषेचे वर्णनच अशक्य होईल. लिपीचेही नेमके तसेच आहे. ‘क’ हे अक्षर शिलालेखात कोरले, बोरूने लिहिले, शिळाछापावर उमटवले, शिशाच्या खिळ्याने छापले किंवा पडद्यावर ठिपक्यांनी उभे केले, तरी ते ‘क’च असते. युनिकोड या ‘क’ला एक क्रमांक देते: षोडशमान पद्धतीत ०९१५. हा क्रमांक म्हणजे अक्षराची ओळख. ते गोलाईचे दिसावे की कोनदार, जाड की बारीक, हे ठरवण्याचे काम फाँटचे. आपण एखाद्याला मजकूर पाठवतो तेव्हा तारेतून अक्षरांची चित्रे जात नाहीत, क्रमांकांची मालिका जाते. पलीकडचे यंत्र तो क्रमांक वाचते, आपल्याजवळच्या फाँटमधून त्याचे रूप काढते आणि दाखवते. तसा फाँट त्याच्याजवळ नसेल तर रिकामे चौकोन दिसतात. पण चौकोनांमागचे क्रमांक शाबूत असतात आणि फाँट बसवला की मजकूर जिवंत होतो. नाशिकमध्ये लिहिलेले पत्र न्यू जर्सीतल्या मोबाइलवर वाचता येते ते या व्यवस्थेमुळे.

या व्यवस्थेत सजावटीला जागा नाही असे कोणी समजू नये. उलट जागा आहे ती नेमकी येथेच. व्हॉट्सॲपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारका टाकल्या की शब्द ठळक दिसतो, हे आता घरोघरी माहीत आहे. तो ठळकपणा देवनागरीलाही तितकाच लाभतो, कारण तेथे अक्षराची ओळख न बदलता त्याच्याबद्दल एक सूचना सोबत दिली जाते. संकेतस्थळ, पुस्तकाची जुळणी, कार्यालयातला दस्तऐवज, सर्वत्र योग्य मार्ग हाच: ओळख एकीकडे, थाट दुसरीकडे. देवनागरीसाठी ठळक ‘क’, तिरका ‘क’, वळणदार ‘क’ असे वेगवेगळे संकेतांक मागणे म्हणजे एकाच माणसाच्या प्रत्येक पोशाखाला स्वतंत्र जन्मदाखला मागणे होय.

आता त्या नुकसानीकडे वळू. आस्कीच्या मूळ व्यवस्थेत जागा होत्या १२८, आणि त्यांत देवनागरी नव्हतीच. आठ बिटांच्या विस्तारात त्या २५६ झाल्या. संगणकावर मराठी छपाई सुरू झाली तेव्हा अक्षरजुळणीकारांपुढे हा तुटपुंजा पाट होता. त्यांनी आणि फाँट बनवणाऱ्यांनी काढलेली युक्ती कौतुकास्पदच होती. रोमन अक्षरांच्या जागी त्यांनी देवनागरीचे तुकडे बसवले: येथे अर्धा ‘क’, तेथे काना, पलीकडे रफार, आणखी कोठे उकार. कळ दाबावी रोमन अक्षराची, उमटावा देवनागरीचा तुकडा. कागदावर उत्तम मराठी छापून येई. संगणकाच्या स्मृतीत मात्र मराठीचा एक वर्णही नसे. तेथे रोमन अक्षरे, कंस आणि विरामचिन्हे यांचा गाळ साचलेला असे. त्यातही प्रत्येक फाँटची मांडणी निराळी. एका फाँटमध्ये जेथे ‘त’ तेथे दुसऱ्यात ‘ल’. फाँट बदलला की अर्थ उडाला.

आणि हे सारे पर्याय नसताना घडले असेही नाही. भारतीय भाषांसाठी इस्की ही संकेतप्रणाली ऐंशीच्या दशकातच आकाराला आली होती, आणि भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली तिला मानकाचा दर्जा दिला. इनस्क्रिप्ट कळफलक १९८६चा. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची, आणि तिच्यातला देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८च्या मसुद्यावर बेतलेला. विंडोज २०००मध्ये देवनागरी आली ती मंगल या फाँटसह, आणि त्याची अक्षरे घडवणारे र. कृ. जोशी हे मराठी कवी आणि सुलेखनकार होते. म्हणजे मराठी माणसाच्या हातचे युनिकोड अक्षर त्या वेळी यंत्रात येऊन बसले होते. आम्ही मराठीचे लोक मात्र ‘छापून चांगले दिसते ना, मग झाले’ या समाधानात पुढली वीस वर्षे जुन्याच फाँटांत प्रबंध, टाचणे आणि प्रश्नपत्रिका तयार करीत राहिलो.

परिणाम काय? आमच्यापैकी एकाचा प्रबंध १९९८ साली अशाच फाँटमध्ये टंकलिखित झाला. त्याची छापील प्रत ग्रंथालयात आहे. तिचा कागद पिवळा पडतो आहे. संगणकावरची प्रत सीडीवर जपून ठेवली होती. ती उघडली तर तीनशे पाने रोमन चिन्हांचा कचरा. तो फाँट आता कोणाकडे नाही, आणि मिळाला तरी आजच्या यंत्रावर तो नीट चालेल याचा भरवसा नाही. याच्या उलट उदाहरण मोल्सवर्थच्या कोशाचे. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ची. शिकागो विद्यापीठाच्या कोशप्रकल्पाने ती युनिकोडमध्ये आणली आणि आज कोणीही कोठूनही तिच्यातला शब्द क्षणात शोधू शकतो. दीडशे वर्षांहून जुना कोश शोधता येतो आणि पंचवीस वर्षांपूर्वीचा आमचा प्रबंध येत नाही. ‘अक्षर म्हणजे ज्याला क्षर नाही ते’ अशी व्युत्पत्ती आम्ही दर वर्षी मराठी भाषा गौरव दिनी सांगतो. ती सांगताना आम्हाला आता लाज वाटते.

प्रबंध ही एका माणसाची हळहळ म्हणून सोडून देता आली असती. पण चार वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक दृष्टिहीन विद्यार्थिनी आली. ती स्क्रीन रीडरच्या मदतीने वाचते; पडद्यावरचा मजकूर यंत्र तिला बोलून दाखवते. तिने टाचणे मागितली. आमची टाचणे आमच्या विभागाचा अभिमान होती: सुबक फाँट, चौकटी, नक्षीदार शीर्षके. आम्ही ती आनंदाने दिली. दोन दिवसांनी ती म्हणाली, “मॅडम, यात मराठी नाहीच. यंत्र नुसते इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे बडबडते.” आम्ही पडद्याकडे पाहिले. आम्हाला तेथे साहित्यशास्त्रावरचे नेटके मराठी विवेचन दिसत होते. तिला ऐकू येत होते तेच खरे होते. आमच्या सुंदर टाचणांत मराठी नव्हते. मराठीचे चित्र होते.

चर्चासत्रातल्या ठरावाला आमचा विरोध आहे तो या विद्यार्थिनीमुळे. गणिती चिन्हांतून रचलेले नटवे नाव स्क्रीन रीडरपुढे आले की काही यंत्रे एकेका अक्षराचे गणिती नाव उच्चारत बसतात, तर काही ते गाळून पुढे जातात. म्हणजे आम्ही जुन्या फाँटांनी जे नाइलाजाने केले, तेच आज हौसेखातर केले जात आहे. आणि मराठीला तीच सोय अधिकृतपणे मिळावी म्हणून ठराव होत आहेत. वीस-पंचवीस वर्षांनी कसाबसा बाहेर पडलेला माणूस त्याच खड्ड्याची मागणी करतो, याला काय म्हणावे?

यावर नेहमीचा प्रतिवाद असा असतो की युनिकोड हे परक्यांनी केलेले आहे आणि त्यात मराठीची आबाळ झालेली आहे. या आक्षेपातला खरा भाग आम्ही मान्य करतो, कारण तो खरा आहे. ‘ॲ’चेच पाहा. ‘ॲड्व्होकेट’, ‘ॲल्युमिनियम’ लिहिण्यासाठी मराठीला लागणारा हा स्वर. हिंदीच्या सोयीचा ‘ऍ’ युनिकोडमध्ये आरंभापासून होता. मराठीचा ‘ॲ’ ०९७२ या जागी आला तो २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. तोपर्यंत मराठी माणसांनी ‘अ’वर चंद्र ठेवून किंवा ‘ऍ’ वापरून दिवस काढले. त्यामुळे आज एकाच शब्दाची तीन लेखने महाजालावर नांदतात. त्यांतली दोन तर डोळ्यांना सहसा सारखीच दिसतात, आणि एका लेखनाने शोधले तर दुसरे सापडेलच असे नाही.

दुसरे उदाहरण अर्ध्या ‘र’चे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांत गुरू आणि स्वयंपाकी यांच्याएवढे अंतर आहे, आणि ते अंतर सांभाळते ती ‘ऱ्या’मधली आडवी चंद्रकोर. युनिकोडमध्ये ती दोन प्रकारे लिहिता येते: एकतर ०९३१ या क्रमांकाच्या ‘ऱ’ने, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह अशा मार्गाने. काही कळफलक पहिला मार्ग धरतात, काही दुसरा. दिसायला दोन्ही एकच, शोधताना दोन. वर्णक्रमाचेही तसेच. संकेतांकांच्या ओळीत ‘ळ’ लगेच ‘ल’च्या मागे बसला आहे, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. मराठीचे अनुक्रमाचे नियम वेगळे सांगितल्याशिवाय शब्दसूची कोशाप्रमाणे लागत नाही. आणि मोबाइलच्या संदेशांत रोमन मजकुराला १६० अक्षरांची मुभा असताना देवनागरीला ७० वरच थांबावे लागे, हेही खरे.

पण या तक्रारींचे स्वरूप नीट पाहावे. ‘ॲ’ची तक्रार ही ओळखीची तक्रार होती: एक वर्ण होता, त्याला क्रमांक नव्हता, मागणी झाली, क्रमांक मिळाला. ‘ऱ’ची तक्रारही ओळखीचीच: एका वर्णाला दोन ओळखी झाल्या आहेत. म्हणजे युनिकोडच्या व्यवस्थेत मराठीला जेथे त्रास झाला, तेथे तो ओळख अपुरी किंवा दुहेरी असल्यामुळे झाला. तेरा थाटांचे तेरा संकेतांक मागणारा मनुष्य याच रोगाचे तेरापट पीक मागत असतो. एका ‘ऱ्या’ची दोन लेखने आपल्याला आवरत नाहीत, प्रत्येक अक्षराची चौदा झाली तर शोध, अनुक्रम, कोशकार्य आणि पाठचिकित्सा यांचे काय होईल, याची कल्पना निदान पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांनी तरी करावी.

रूप आणि ओळख यांतली सीमारेषा दर वेळी सोपी असते असे आम्ही म्हणत नाही. मराठीत तिची दोन उत्तम उदाहरणे आहेत. पहिले ‘ल’ आणि ‘श’ यांचे. मराठी वळणाचा ‘ल’ आणि हिंदी वळणाचा ‘ल’ वेगळे दिसतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठी वर्णमाला आणि लेखन यांचे प्रमाणीकरण केले, त्याच्या आधी आणि नंतरही या दोन अक्षरांच्या वळणांबद्दल हिरिरीने बोलले गेले. पण या दोन वळणांनी शब्दाचा अर्थ कोठेही बदलत नाही. म्हणून संकेतांक एकच राहिला आणि वळण निवडण्याचे काम फाँटकडे गेले. आजचे चांगले फाँट मजकुराची भाषा मराठी आहे असे सांगितले की मराठी वळण देतात. हा न्याय आम्हाला योग्य वाटतो.

दुसरे उदाहरण मोडीचे. मोडी हे बाळबोधीचेच धावते वळण, तेव्हा तिच्यासाठी एक फाँट पुरे, असे कोणी म्हणू शकले असते. पण मोडीची अक्षरघडण वेगळी, काना-मात्रा जोडण्याच्या पद्धती वेगळ्या, आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद मोडी लेखनात सहसा पाळलेला नसतो. मोडी कागद बाळबोधीत उतरवताना लिप्यंतरकाराला निर्णय घ्यावे लागतात. जेथे निर्णय घ्यावा लागतो तेथे ते केवळ वेशांतर राहत नाही. म्हणून मोडीला स्वतंत्र लिपीचा दर्जा मिळाला आणि २०१४ साली, ७.० या आवृत्तीत, तिचे अक्षरसंच युनिकोडमध्ये आले. याच्या उलट जर्मनांची जुनी फ्राक्टुर अक्षरे पाहा. रोमनशी परिचित डोळ्याला ती मोडीइतकीच अवघड. पण ती रोमनचेच वळण मानली गेली. फ्राक्टुरमध्ये छापलेला जर्मन ग्रंथ युनिकोडमध्ये साध्या रोमन संकेतांकांनीच लिहितात. ज्यांना मराठीच्या वतीने युनिकोडकडे काही मागायचे असेल त्यांनी अशा कसोट्या लावून मागावे. मोडीची मागणी करणाऱ्यांनी कसोटी लावली होती. ठराव करणाऱ्यांनी लावलेली नाही.

मग देवनागरीच्या सौंदर्याचे काय? हा प्रश्न आम्ही हलका मानत नाही. आमची परंपराच सुंदर अक्षराची आहे. गणपत कृष्णाजींच्या शिळाछापापासून जावजी दादाजींच्या निर्णयसागरी खिळ्यांपर्यंत मराठी मुद्रणाने अक्षराच्या घडणीवर अपार मेहनत घेतली. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’च्या जुळणीसाठी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला आणि सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी सुचवली, तेव्हा यंत्राच्या मर्यादेपुढे लिपीने किती वाकावे हाच वाद होता. आज तो वाद जवळजवळ उलटला आहे. यंत्राची मर्यादा उरलेली नाही. क, हलन्त आणि ष असे तीन क्रमांक दिले की फाँटमधले नियम त्यांचा ‘क्ष’ जुळवतात. पहिली वेलांटी उच्चारक्रमाने अक्षरानंतर साठवली जाते आणि दाखवताना अक्षराच्या आधी येते. जोडाक्षर उभे हवे की आडवे, हेही फाँटकर्त्याला ठरवता येते. खिळ्यांच्या कपाटात जे मावत नव्हते ते सारे आता एका फाँटच्या पोटात मावते.

आणि असे फाँट आहेत. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा आहे. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बलू हे फाँट कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. ‘युनिकोडमध्ये चांगली अक्षरे नाहीत’ हे वाक्य २००५ साली खरे होते, आज ते आळसाचे आहे. ज्या पेजमेकरवर मराठी पुस्तकांची एक पिढी जुळवली गेली त्याला युनिकोड देवनागरी येत नसे, हे आम्ही जाणतो. त्या काळच्या अक्षरजुळणीकारांना आम्ही दोष देत नाही. तुटपुंज्या साधनांत त्यांनी मराठी पुस्तक देखणे ठेवले. दोष आहे तो साधने आल्यावरही न बदललेल्या आम्हा अध्यापकांचा, आणि संशोधनाची पीडीएफ प्रत स्वीकारताना तिच्यात खरा मजकूर आहे की नुसते चित्र, हे न पाहणाऱ्या आमच्या विद्यापीठीय व्यवहाराचा. ज्याला देवनागरीच्या सौंदर्याची खरी आस आहे त्याने फाँट घडवणाऱ्यांच्या पाठीशी उभे राहावे, त्यांना पैसे द्यावेत, आपल्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर त्यांचे नाव छापावे. संकेतांकांच्या दारात जाऊन नखरे मागू नयेत.

ठरावाला विरोध करणाऱ्याने पर्यायही सांगावा, म्हणून आमच्या मागण्या येथे नोंदवतो. मराठीचा कोणताही प्रबंध वा लघुप्रबंध युनिकोड मजकुराच्या प्रतीशिवाय स्वीकारला जाऊ नये. ती प्रत खरी आहे की नाही हे पाहायला अर्धा मिनिट पुरते: प्रबंधातला एखादा शब्द शोधखिडकीत टाकावा, सापडला तर ठीक. प्रत्येक विभागाने आपल्याकडचे जुन्या फाँटांतले साहित्य रूपांतरित करून घ्यावे, आणि ज्यांच्याकडे ते फाँट अजून आहेत असे अक्षरजुळणीकार हयात आणि कामात आहेत तोवरच हे करावे. एम. ए.च्या भाषाविज्ञानाच्या पत्रिकेत लिपीचे संकेतन हा घटक असावा; स्वनिम समजलेल्या विद्यार्थ्याला तो एका आठवड्यात समजेल. आणि ‘ऱ्या’, ‘ॲ’ यांचे प्रमाण संकेतन कोणते, हे शासनाच्या शुद्धलेखनविषयक निर्णयांत वेलांटी-उकारांच्या बरोबरीने सांगितले जावे. आजच्या घडीला शुद्धलेखन पडद्यावर दिसते तेथे संपत नाही.

आमच्या टाचणांचे पुढे काय झाले तेही सांगतो. एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघांनी बसून ती युनिकोडमध्ये आणली. रूपांतर करणारी साधने होती, पण त्यांनी रफार भलतीकडे टाकले, वेलांट्या सरकवल्या, आणि चंद्रकोरीच्या जागी सरसकट रफार दिला. आम्ही डोळ्यांनी तपासून बऱ्याच चुका काढल्या आणि काम पुरे झाले असे समजलो. ती विद्यार्थिनी टाचणे घेऊन गेली आणि आठवड्याने परत आली. “सर, विनोदावरच्या टाचणात एक जागा आहे,” ती म्हणाली, “तिथे लग्नघरात आचार्यांनी भजी तळली असे ऐकू येते.” आम्ही तिघांनी ते पान तीन वेळा वाचले होते. डोळ्यांना सवयीने बरोबर दिसले ते तिच्या कानाने पकडले. अशा सतरा जागा तिने काढून दिल्या. त्या टाचणांच्या पहिल्या पानावर आता शोधक म्हणून तिचे नाव आहे, साध्या, न नटलेल्या अक्षरांत. आणि स्क्रीन रीडर ते बिनचूक वाचतो.